जिनगोंडा अण्णांच्या पाट्या

जिनगोंडा अण्णा गेले हे मला कारखान्याच्या गेटवरच्या फ्लेक्सनं सांगितलं. फोन कुणाचा आला नव्हता. सकाळच्या पाळीला स्कूटर आत वळवली आणि समोर त्यांचा फोटो… ओळखपत्रावरचा, मोठा केल्यामुळे विस्कटलेला. खाली अक्षरं होती, 'सुरक्षिततेचा आदर्श हरपला.' वर कन्नड, मध्ये इंग्रजी, खाली मराठी. मी कितीतरी वेळ स्कूटरवरून उतरलेच नाही. मेलेल्या माणसासाठी या लोकांना तीन-तीन भाषा सुचल्या. तो जिवंत असताना दोन भाषांत त्यानं चार ओळी लिहिल्या, तर त्या पाट्या यांनी उचकटून भंगारात टाकल्या होत्या. या गोष्टीला सहा आठवडे होतील. राग ओसरला की लिहावं म्हणून थांबले होते. तो ओसरत नाही, म्हणून तसंच लिहिते आहे.

आमचा कारखाना तुरटीचा. बेळगावच्या बाहेर आहे. दाढी झाल्यावर गालावर फिरवायचा खडा एवढीच तुरटी लोकांना माहीत असते, पण गावोगावच्या पाणी योजनांना ती ट्रक भरभरून लागते. बॉक्साइटची तांबडी माती दळायची, पाण्यात कालवायची, त्यात हळूहळू सल्फ्युरिक अ‍ॅसिड सोडायचं, शिजवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी फरशीवर ओतून थिजवायचं आणि लाद्या फोडून पोत्यांत भरायच्या. ऐकायला सोपं आहे. फक्त त्या अ‍ॅसिडशी वागायचं कसं हे प्रत्येक माणसाला ठाऊक हवं. आणि माणसं ठेकेदाराची, सहा महिन्यांना बदलणारी. कुणी बेळगुंदीचं, कुणी खानापूरकडचं, कुणी चिकोडीकडून आलेलं.

अण्णा पाळीचे सुपरवायझर होते. निपाणीजवळच्या खेड्यातलं जैन शेतकऱ्याचं घर, आईची भाषा कन्नड, वडिलांची मराठी. पिरनवाडीत एक खोली घेऊन राहायचे आणि रविवारी गावी जायचे. मी उचगावची, बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "आसिडात पानी वतलं तर काय हुतंय गं?" मी सांगितलं, "उष्णता उत्सर्जित होते." "म्हंजे?" "तापमान एकदम वाढतं." "म्हंजे काय हुतंय?" मला कळेना यांना काय हवंय. शेवटी म्हणाले, "तुझ्या भावाला सांगायचं असलं तर काय सांगशील?" मी म्हटलं, "उसळतंय… अंगावर येतंय, म्हणून सांगीन." "मग तसं सांग की, सुजाता," म्हणाले आणि निघून गेले.

पाट्या त्यांनीच रंगवल्या होत्या. पत्र्याचे तुकडे, त्यावर ब्रशनं लिहिलेली मोठी, जराशी तिरकी अक्षरं. 'पाण्यात आसिड सोडा. आसिडात पाणी वतू नका. उसळतंय, डोळं जात्यात.' त्याखाली तेच कन्नडमध्ये, तेही आपल्या इकडच्या बोलीतलं: 'आसिडनाग नीर हाकब्याड.' रंग वाळायच्या आधी कुणातरी कामगाराला बोलावून वाचायला लावायचे. तो अडखळला की चिंधीनं तो शब्द पुसून त्याला विचारायचे, "तू काय म्हंतोस ह्याला?" आणि तो म्हणेल ते लिहायचे. शुद्धलेखनाबद्दल मी एकदा कुरकुरले. त्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

नवे मॅनेजर आल्यावर बाहेरून तपासणी यायची होती. त्याआधी त्यांनी कारखाना फिरून पाहिला आणि पाट्या काढायला सांगितलं. त्यांच्या जागी छापील फलक आले, एकसारख्या आकाराचे, इंग्रजी आणि ग्रंथातल्या कन्नडमध्ये. मराठीचं काय, असं अण्णांनी विचारलं. मी नमुन्यांचे रिपोर्ट घेऊन तिथंच उभी होते. मॅनेजर म्हणाले, "जिनगोंडा, कुणीतरी मराठी पाटीचा फोटो काढेल आणि उद्या गेटसमोर गर्दी होईल. मला ते नको आहे." अण्णा म्हणाले, "साहेब, पाटी गेटवर न्हाय, टाकीवर हाय. ज्याला अडचण हाय त्येनं टाकीवर चढून बघावं. आनि तुमचं हे कन्नड आमच्या आईलाबी कळायचं न्हाय." मॅनेजर हसले. दुसऱ्या दिवशी पाट्या गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात मारुती भाजला. बेळगुंदीचा, चाळिशीचा माणूस. आधी गवंड्याच्या हाताखाली होता, आमच्याकडे येऊन बारा दिवस झाले होते. अ‍ॅसिड मोजायची वरची टाकी रिकामी झाली आहे, पाणी मारून घे, असं ठेकेदाराच्या माणसानं त्याला सांगितलं. टाकी रिकामी नव्हती. तळाशी वीतभर अ‍ॅसिड होतं. मारुतीनं भर दुपारी पाइप आत सोडला आणि… ती किंकाळी प्रयोगशाळेच्या बंद काचेतून मला ऐकू आली. अण्णा त्या वेळी टाकीजवळ नव्हते, कारण मॅनेजरनीच त्यांना तपासणीच्या कागदांसाठी ऑफिसात बोलावून बसवलं होतं. ते धावत आले, मारुतीला स्वतः नळाखाली धरलं, गाडी येईपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या हाताचीही कातडी गेली. मारुतीचा डावा डोळा वाचला नाही.

आता जे लिहायचं ते मी टाळत आले आहे. चौथ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. समोर प्रशिक्षणाचं रजिस्टर होतं. पान इंग्रजीत टाइप केलेलं. मारुतीला कामावर घेताना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं, प्रशिक्षण देणारी मी, तारीख मागची. खाली मारुतीची सही आधीच होती. ती त्यानं पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर केली होती, जशी सगळेच करतात. मॅनेजर म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे. पुढच्या महिन्यात तुमचं कन्फर्मेशन आहे ना?" मी सही केली. मारुतीला मी त्याआधी एकदाही भेटले नव्हते.

त्या एका सहीवर सगळी चौकशी उभी राहिली. प्रशिक्षण दिलेलं होतं, म्हणजे चूक कामगाराची. सुपरवायझर जागेवर नव्हता, म्हणजे दुसरी चूक त्याची. पाट्यांचा उल्लेखच नाही. ऑफिसात कुणी बसवून ठेवलं याचाही नाही. चोवीस वर्षं अ‍ॅसिडजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांनी गेटवर ट्रकांच्या नोंदी करायला बसवलं. पहिल्या दिवशी मी गेटातून आत जाताना अण्णांनी हाक मारली.

"सई केलीस?"

"व्हय अण्णा."

"वाचून केलीस?"

"व्हय."

"बरं," म्हणाले, आणि पुढच्या ट्रककडे वळले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढची दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते माझ्याशी नीट बोलत राहिले, आजारी आईची चौकशी करत राहिले, पण प्रयोगशाळेत पुन्हा कधी आले नाहीत.

गेटवर मात्र त्यांनी एक काम सुरू केलं. ठेकेदाराचा नवा माणूस आत शिरताना दिसला की त्याला थांबवायचे. कुठल्या गावचा, विचारायचे. मग त्याच्या भाषेत पाटीवरच्या त्याच ओळी सांगायचे आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. गेटवर वेळ जातो म्हणून त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या माणसाला थांबवलं. त्या दोन वर्षांत आमच्याकडे कुणी भाजलं नाही. वार्षिक अहवालात त्याचं श्रेय छापील फलकांना दिलं गेलं.

निवृत्तीनंतर अण्णा गावीच राहत होते; एका सकाळी अंघोळीचं पाणी काढताना खाली बसले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला सांगितलं. फ्लेक्स बघून आठवड्यानं मी त्यांच्या गावी गेले होते. सांत्वनाला गेले होते असं म्हणता येणार नाही, मला माझं ओझं टाकायचं होतं. मी सहीचं सगळं सांगितलं. आक्का तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "हे हुते तवा आली असतीस तर…" एवढं म्हणून त्यांनी एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, बाई. डोळा मारुतीचा गेलाय. त्येला जाऊन सांग."

मारुती आता बेळगुंदीत बहिणीच्या घरी असतो. गवंडीकाम जमत नाही, एका डोळ्यानं ओळंबा दिसत नाही म्हणाला. मला त्यानं ओळखलं नाही, ओळखायचं कारणच नव्हतं. मी कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं. तो आत जाऊन एक कागद घेऊन आला. मग म्हणाला, "लिहून देतीस?" मी होय म्हटलं. त्या कागदाच्या प्रती नंतर मी कारखान्यात दिल्या, कामगार खात्यातही दिल्या. पोच अजून आलेली नाही, आणि हे छापून आल्यावर माझी नोकरी राहील असंही मला वाटत नाही.

त्याच्या ओट्यावर बसून मी लिहिलं, 'सदर कामगारास कोणतेही प्रशिक्षण देण्यात आले नव्हते.' मारुतीनं कागद उजव्या डोळ्याजवळ धरला आणि एकेक अक्षर लावत वाचला.

"सदर म्हंजे कोन?"

"तुम्ही."

"मग माझं नाव लिव की. आनि प्रशिक्षण नगं. मला कुनी सांगिटलं न्हवतं, असं लिव."

मी ते खोडलं. लिहिलं, 'मारुतीला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, आणि सांगितलं म्हणून सही केली.' त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं, मध्ये कुठंही न अडखळता. मग कागद माझ्यापुढं ठेवला.

"आता कर सई," म्हणाला.