गोळी न देणाऱ्या मावशी

आमच्या मावशींना कामावरून काढून टाका, असा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिलाय त्या सगळ्यांना रांगेत उभं केलं, तर रांगेचं एक टोक कोपरखैरण्यातल्या माझ्या दाताच्या दवाखान्याच्या जिन्यावर असेल आणि दुसरं तुर्भ्याच्याही पुढे कुठेतरी. त्या रांगेत माझा नवरा आहे, खालचा मेडिकलवाला आहे, निदान तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत. आणि खोटं कशाला बोलू, एकदा त्या रांगेत मीही होते. सगळ्यात पुढे. तेव्हा मी स्वतःच गोळ्यांच्या नादी लागले होते, आणि मावशींनी त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर आज ना दवाखाना राहिला असता ना मी. त्यामुळे रांगेतल्या बाकीच्यांना माझं एकच सांगणं आहे: घरी जा. मावशी राहणार.

मावशी शिरवण्याच्या, आगरी. कागदोपत्री माझ्या मदतनीस: हत्यारं उकळायची, पेशंटना नंबरानं आत सोडायचं. प्रत्यक्षात दवाखाना त्यांचा, मी फक्त दात काढते. बँकेचा मॅनेजर असो नाहीतर बाजारातला हमाल, सगळ्यांना एकजात ‘तू’. मलासुद्धा. त्यांचं सगळ्यात मोठं वैर दुखण्यावरच्या जालीम गोळ्यांशी. दात काढल्यावर दोन-तीन दिवस ती गोळी लागू शकते, एवढं त्या मोठ्या मनानं मान्य करतात; चौथ्या दिवशी कुणी मागितली की पदर खोचतात. त्यांचा कायदा असा, की टाके काढायला येताना उरलेल्या गोळ्या परत आणायच्या. पाकीट दाखवल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. कारण आपल्याकडे घरोघरी मिठाईचा एक रिकामा डबा असतो, त्यात उरलीसुरली औषधं जमतात, आणि मग ज्याचं जे दुखेल त्याला त्यातलं काहीतरी मिळतं. एका सेक्रेटरीसाहेबांनी अक्कलदाढेच्या सहा गोळ्यांतल्या दोन सासूबाईंच्या गुडघ्याला दिल्या, एक मेव्हण्याच्या कमरेला आणि एक वॉचमनच्या डोकेदुखीला, आणि हे आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगितलं. भरल्या वेटिंगरूममध्ये मावशी कडाडल्या, “गोली हाय ती, परसाद नाय वाटाला! सासू चक्कर येऊन परली तं?” साहेब टाके तोंडात तसेच ठेवून घरी गेले आणि उरलेल्या दोन गोळ्या घेऊन आले. संध्याकाळी मला फोन. “मॅडम, ही बाई काढा.”

दिघ्याचा एक माणूस दर पंधरवड्याला यायचा, गाल धरून, कळवळत. दातात काही सापडायचं नाही, पण मला दया यायची आणि मी चिठ्ठी लिहून द्यायचे. तिसऱ्या खेपेला मावशींनी त्याच्या हातात फ्रिजमधल्या गार पाण्याचा तांब्या दिला. गडी गटागटा प्यायला. “दात दुखनारा मानूस असा थंड पानी पितं?” मावशी म्हणाल्या. “आन् मागच्या टायमाला तू दुसरा गाल धरलेलास.” तो भडकला. शिव्या दिल्या, स्टूल लाथाडलं. मावशी जागच्या हलल्या नाहीत. “वरड. आजून वरड. गोली नाय भेटनार.” शेवटी तो मटकन खाली बसला आणि हमसून रडायला लागला. कंपनीत पाठीला मार लागला होता, तेव्हापासून गोळी सुटतच नव्हती. मावशींनी त्याला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन त्याला स्वतः सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. सुट्टी मागितली नव्हती हं, कळवली होती.

आता माझं. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावून डोकावून दातांच्या डॉक्टरांची मान कामातून जाते, तशी माझीही गेली. कपाटात औषध कंपन्यांची माणसं ठेवून गेलेली सॅम्पलं होती. आधी घरी जाताना एक, मग दुपारी जेवल्यावर एक, मग पेशंट सुरू व्हायच्या आधीच एक. मी डॉक्टर आहे, मला कळतं, असं मीच मला बजावत होते. कळतंय कपाळ! एक दिवस गोळी घ्यायची राहिली आणि इंजेक्शन धरलेला माझा हात थरथरला. पेशंटचे डोळे मिटलेले होते, मावशींचे उघडे होते. पेशंट गेल्यावर मी कपाटाकडे धावले तर कपाटाला कुलूप, आणि किल्ली मावशींच्या कमरेला.

“मावशी, किल्ली द्या. मान दुखतेय.”

“खोटं. मान दुखते बोलाची तू कवाच बंद झालीस. गोली बंद नाय झाली.”

मी ओरडले. दवाखाना माझा, कपाट माझं, तुम्ही कोण मला सांगणाऱ्या, उद्यापासून येऊ नका! मावशी “बरं” म्हणाल्या. बाहेर जाऊन “डॉक्टरीन आजारी हाय, आज काम नाय” असं सांगून त्यांनी सगळ्या पेशंटना वाटेला लावलं आणि किल्लीसकट घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला दारात हजर, हातात झाडू.

“काल काढलं ना मी तुम्हाला?”

“तू काढलंस. मी नाय गेले. चल, तोंड धू. त्या डॉक्टरकरं जाऊ दोगी.”

गेलो. तेच सरकारी डॉक्टर, तोच लाकडी बाक. ही गोळी एकदम तोडायची नसते, पायरी पायरीनं उतरवायची असते, हे तिथे मला शिकवावं लागलं. मला, डॉक्टरला! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे दवाखाना बंद राहिला. ज्यांचा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत पोचतो त्या मावशींनी त्या काळात कुणापाशी चकार शब्द काढला नाही. नवऱ्यालासुद्धा मीच सांगितलं. आज तुम्हालाही मीच सांगतेय. ज्याला नावं ठेवायची असतील त्यानं खुशाल ठेवावीत, डॉक्टर झाले म्हणून काही मी दगडाची झाले नाही. आणि मेडिकलवाल्यालाही सांगून ठेवलंय, तुमचा खप बसला तर बसू दे, माझ्या चिठ्ठीवर ती गोळी तीन दिवसांच्या वर दिसणार नाही.

मध्यंतरी मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी शिरवण्याला भेटायला गेले तर त्यांनी उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. त्याच जातीची गोळी. मी ओळखणार नाही तर कोण?

“ही तू घेऊन जा. रोज सांजंला एक आनून दे.”

“मला देताय? मला? अहो, घरात मुलगा आहे की!”

“त्यो मऊ हाय. मी वरडले तं दुसरी देल. तू नाय देनार.”

मी पाकीट पर्समध्ये टाकलं. घरी पोचेपर्यंत पर्स उघडली नाही. गेल्या गेल्या पाकीट नवऱ्याकडे दिलं, म्हटलं तुझ्या कपाटात ठेव. अशा ठिकाणी ताठा दाखवायचा नसतो, एवढं मी शिकलेय. रोज संध्याकाळी एक गोळी घेऊन जायचे. चौथ्या दिवशी मावशी खरंच ओरडल्या, दुसरी दे म्हणून. मी नाही म्हटलं. त्यांनी मला आगरीतून अशा काही शिव्या घातल्या की शेजारीण दारात आली, आणि मग स्वतःच हसत सुटल्या. सातव्या दिवशी म्हणाल्या, “आता नको. दुखतं, पन झेपतं.”

मला केवढा आनंद व्हायला हवा होता! झालाही. पण निघताना उंबऱ्यातच घुटमळले. आमचा जिना त्यांना इतक्यात चढता येणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जायला मला निमित्तच उरलं नव्हतं.

तरी गेले.

“काय आनलंस?” मावशींनी संशयानं विचारलं.

“काही नाही.”

“मंग बस,” म्हणाल्या, आणि पट्ट्या बांधलेला पाय हळूच सरकवून त्यांनी खाटेवर माझ्यापुरती जागा केली.