निळी जीभ, काळी जीभ

लेकीने बडोद्याहून नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ नव्या हार्डडिस्कमध्ये भरून पाठवला, तेव्हा तलासरीला आमच्या घरी तिचाच कॉलेजातला जुना लॅपटॉप होता. डिस्कच्या यूएसबी वायरीच्या टोकात निळी प्लास्टिकची जीभ, आणि लॅपटॉपच्या खाचेत काळी. आता तुम्हीच सांगा, गॅसची नळी कधी पाण्याच्या नळाला लावतात का? जबरदस्तीने वायर घुसवली तर डिस्क न् लॅपटॉप दोन्ही जळायचे, म्हणून मी हातच लावला नाही.

घोलवडच्या धाकट्या जावेकडे निळ्या जिभेचा नवाकोरा लॅपटॉप होता. तिचं सगळंच नवं, मला ते आधीपासून खुपायचं. तरी एसटीने गेले. तिने डिस्क लावली, स्वतः समोर बसली आणि मला बाजूची खुर्ची दिली. पडद्यावर पोरीने पाऊल टाकलं, तशी ही टाळी वाजवून म्हणते, "अग्गबाई, चाल अगदी माझ्यासारखी!"

नात माझी, आणि चाल हिची!

मी म्हटलं, "माझ्या लॅपटॉपची जीभ निळी असती ना, तर घरीच पाहिलं असतं."

"अहो ताई, काळ्यातही चालतं ते, फक्त हळू! काळ्या जिभेचा एवढा धसका घेतलात?" म्हणत ती हसत सुटली.

घरी आल्या आल्या डिस्क काळ्या खाचेत लावली. व्हिडिओ उघडेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. मग नीट निरखून पाहिलं, तर पोर डावा पाय जरा बाहेर टाकते. तो पाय माझा. जावेला लगेच फोन करून तेवढं सांगितलं.