उलटा सांधा

विनिपेगमध्ये ओरेस्ट कुझिक चाळीस वर्षं नळ आणि गरम हवेचे पत्र्याचे पाइप बसवत आला होता. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मर्नाने दोन महिन्यांपूर्वी जुनं घर घेतलं, स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं, आणि नळ थंडीत गोठतो म्हणून त्याला बोलावलं.

तळघरात त्याने भिंत फोडली आणि गरम हवेचा पाइप उघडला.

"कुठल्या गाढवाने सांधा उलटा बसवलाय," तो करवादला. "गरम हवा भिंतीतच जिरतेय, नळापर्यंत पोचणार कशी? थांबा, त्याचं नावच सांगतो. आमच्या धंद्यात पाइप बंद करण्याआधी आत नाव आणि तारीख लिहितात."

त्याने बॅटरी आत धरली. आत त्याचंच नाव होतं, त्याच्याच तिरक्या अक्षरात. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"कुणीतरी माझं नाव लिहिलंय," तो म्हणाला. "मी या घरात आजवर पाऊलही टाकलेलं नाही."

मर्ना जिन्याकडे बघत राहिली.

"मघाशी त्या मोडक्या पायरीचं मी सांगणार होते," ती हळूच म्हणाली, "तोवर अंधारातच तुम्ही ती ओलांडून खाली गेलात."