दाढेखालचं वल्हं

माशांच्या बाबतीत त्या नदीकाठी सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा! थंडीभर डोहाच्या तळाशी गपगार पडलेला घुम्या मासा पाणी कोमट झालं की वर येतो, आणि नर पोटातून घुमायला लागतात. त्या आवाजावर माद्या येतात, अंडी सोडतात, अंडी तरंगत खाली वाहत जातात. म्हणून घुमणं सुरू झालं की पिल्लं मोठी होईपर्यंत जाळी बंद. नाहीतर पोटुशी मादीच सापडायची, आणि पुढच्या वर्षी नदीत काय, शेवाळ पकडायचं? सासूबाई डोहात वल्हं सोडून दांडा कानाला लावून ऐकायच्या आणि हात वर करायच्या, की सगळ्या होड्या मागे.

आणि आता बाईंना कानाशी ओरडल्याशिवाय काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं! दाराची बेल नाही, नातवाचं भोकाड नाही. सुनेला वाटे, हे फक्त घरच्यांनाच ठाऊक. यंदा सासऱ्यांचा गुडघा धरला, म्हणून होडी तिच्याकडे आली.

"आई, यंदा राहू द्या ना," ती त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली.

"का? मी मेले की काय?"

वल्हवताना सुनेच्या डोक्यात एकच घोळत होतं. सासूबाई चुकल्या तर माशांचं वाटोळं, आणि त्यांच्या शब्दाला पुढे कुणी काडीची किंमत देणार नाही.

डोहावर सासूबाईंनी वल्हं पाण्यात सोडलं, पण कानाला लावलंच नाही. कवळी काढून खिशात टाकली आणि उरलेल्या दोन दाढांत दांडा गच्च धरला. अगं बाई! सून बघतच राहिली. बराच वेळ काही नाही. मग बाईंच्या गालावर हसू आलं आणि हात वर गेला.

"घुमतोय मेला! पार डोक्यात घुमतोय!"

सुनेने घाईघाईने दुसरं वल्हं कानाला लावलं. खरंच, खालून घर्रर्र येत होतं. काय बाई आहे ही!

शेजारच्या होडीत भोंगाकाका होते, गावातला सगळ्यात मोठा आवाज. अर्धं सोडलेलं जाळं त्यांनी मुकाट्याने वर ओढलं.

"काका, काही विचारलंसुद्धा नाहीत?" सून म्हणाली.

भोंगाकाकांनी जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "अगं, त्यांना ऐकू येत नाही हे अख्ख्या काठाला ठाऊक आहे. तीन वर्षं झाली. चुकल्यात का एकदा तरी?"

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "जाळं उचललं म्हणतायत!"

"मग? न उचलून सांगतो कुणाला!"