त्या महिन्यात मी पाण्यात उतरले नाही

"बाईला काय विचारायचं? तीन मुलीच दिल्यात तिने." ह्यांचे काका असं म्हणाले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन समोरच उभी होते.

तिसरं सिझेरियन झालं होतं. तालुक्याच्या गावच्या, अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चौथ्या खेपेला गर्भाशय फाटेल, तांबी बसवून घ्या, पण नवऱ्याची सही आणा. नातींनो, तुमचे आजोबा तेव्हा भंडारदऱ्याला धरणाच्या कचेरीत. आसपास आमचं एकच यहुदी घर. म्हणून त्यांनी काकांना मुंबईहून बोलावलं, धर्मात बसतं का विचारायला.

"वंश वाढवा, ही देवाची पहिली आज्ञा," काका म्हणाले. "मुलगा नाही, म्हणजे आज्ञा अपुरी. तांबी नाही."

आजोबांनी मान डोलावली. मी चहा दिला. त्या चहाची मला आजही चीड येते.

काका हिब्रू घडाघडा म्हणत. अर्थ विचारला की खाकरत. घरात धर्मशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक होतं, कपाटात पडून. मी इंग्रजीची शिक्षिका. तीन दुपारी बसून वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या. वंश वाढवायची आज्ञा पुरुषाला आहे, बाईला नाही. तिच्या जिवाला धोका असेल तर गर्भ राहू न देण्याचा उपाय करता येतो. आणि पाळी संपल्यावर सात दिवस मोजून ती पाण्यात बुडी मारत नाही, तोवर नवऱ्याने तिला शिवायचं नाही. दिवस तिने मोजायचे. शब्द तिचा मानायचा.

इतकी वर्षं मी दर महिन्याला धरणाच्या पाण्यात मुकाट्याने उतरत होते. शेजारची तुळसाबाई काठावर टॉवेल घेऊन पहारा द्यायची. त्या महिन्यातही सात दिवस भरल्यावर ती दारात आली.

"बाई, चला की. पानी लई गार न्हाई आज."

"मी येत नाही."

"आन् सायेब?"

"साहेबांना काकांकडे झोपू दे."

ती तोंडाला पदर लावून हसली. आजोबांनी आतून ऐकलं.

पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "असं किती दिवस?" मी खुणेचं पान पुढे ठेवलं. बराच वेळ वाचत बसले.

"काकांना काय सांगू?"

"मला विचारलंत, असं सांगा."

त्यांनी सही केली.

आणि काल, थोरले, तू फोनवर म्हणालीस, लागोपाठ दोन बाळंतपणं झाली, आता पाळणा लांबवायच्या गोळ्या घ्यायच्या का ते नवरा रब्बींना, आपल्या धर्मगुरूंना, विचारून येणार आहे. तू जाणार का, विचारलं, तर म्हणालीस, "मी कशाला, आजी?" माझी नात. एवढी शिकलेली.

पुस्तक आज नगरच्या पोस्टातून धाडलं आहे. खुणा तशाच आहेत. विचारायचं तर तू जा, समोर बस, स्वतः विचार. चहा देऊ नकोस. त्याने एकट्यानेच जाऊन निरोप आणला, तर पाण्यात उतरू नकोस.