तोंड दिसलं पाहिजे

वाडीतली माणसं आल्बिनाशी बोलताना आवाज वापरत नसत. वापरून उपयोगच नव्हता. लहानपणी टायफॉइडच्या तापात तिचे कान गेले. जीभ मात्र राहिली, आणि इतकी तिखट राहिली की कानांची भरपाई झाली असं तिची आईच म्हणायची. ओठ बघून बोलणं ओळखायला ती आपोआप शिकली. मग हळूहळू वाडीच्याही लक्षात आलं की घसा फोडण्यात अर्थ नाही. समोर उभं राहायचं, तोंडातलं पान थुंकायचं आणि नुसते ओठ हलवायचे. शेजारची काशीबाई मासळी विकायला बसली की तिचा आवाज पार डोंगरावरच्या सड्यापर्यंत जायचा, पण आल्बिनाच्या पडवीत आली की तीही मुकी. वाडीला तेवढीच विश्रांती.

नवरा गेल्यावर आल्बिनाने शिवणयंत्राच्या जोरावर संसार रेटला. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे झगे, लग्नाचे गाऊन, जे येईल ते शिवून तिने लेकीला, मर्लिनला, नर्स केलं. मर्लिन कुवेतला नोकरीला गेली, तिथेच लग्न करून राहिली. लेक सुखात होती. पण लेकीचं सुख आईला कळायचं ते काशीबाईच्या तोंडून.

कारण फोन. फोन यायचा, काशीबाई कानाला लावायची आणि जे ऐकलं ते ओठांनी आल्बिनाला सांगायची. काशीबाई मनाने सोनं, पण तिच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ! मर्लिनला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आपली हवापाण्याचं बोलायची, जेवले-झोपलेचं बोलायची. दोन हजार आठ सालच्या पावसाळ्यानंतर एकदा तिने दबकत सांगितलं की दिवस गेलेत. काशीबाई आनंदाने अशी काही ओरडली की खाली होडी ओढणाऱ्या गड्यांनीसुद्धा माना वर केल्या. सगळ्या वाडीला बातमी कळली, आणि सर्वांत शेवटी आल्बिनाला. तिने काशीबाईला मिठी मारली, पेढे वाटले, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं. "माज्या चेडवाचा बोलणा माका तिच्याच तोंडातसून होया," ती काशीबाईला म्हणाली. "तुज्यार राग नाय गो. पण होया."

संगणकावर माणसं समोरासमोर दिसतात हे तिने चर्चच्या ऑफिसात पाहिलं होतं. नाताळाच्या आधी दोघी बसने कुडाळला गेल्या, सत्यवानच्या दुकानात. सत्यवानच्या तोंडात पान होतं.

"पयला ता पान थुक आणि माज्याकडे तोंड करून बोल," आल्बिनाने सुरुवातच केली. "माका आयकाक येणा नाय. लेकीचे ओठ हलताना माका साफ दिसाक होये. तसा दिसणारा मशीन दी, नायतर नको."

सत्यवान पान थुंकून आला. त्याला गंमत वाटली असावी, कारण काशीबाईचं बघून तोही आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायला लागला. "काकी, चेहरो आरशातल्यासारखो दिसतलो." आल्बिना खूश झाली आणि लॅपटॉप घेऊन घरी आली.

आरसा कसला, कपाळ! मर्लिनचं तोंड उघडलं की उघडंच राहायचं. मग चित्र उडी मारायचं आणि तोंड मिटलेलं दिसायचं. मधलं वाक्य कुठे गेलं ते देवाला ठाऊक. कान असलेल्या माणसाचं त्यावर भागलं असतं, कारण मर्लिन काशीबाईशी बोलली तेव्हा आवाज बरा येत होता म्हणे. आल्बिनाने त्या आवाजाचं काय लोणचं घालायचं होतं? इंटरनेटचा दोष असेल म्हणून तिने पाद्रींच्या ऑफिसातलं मशीन घरी आणवलं आणि त्याच वायरीला जोडलं. पणजीची भाची त्यावर छान घडाघडा बोलली, ओठ कुठे अडकले नाहीत. म्हणजे खोट मशीनमध्येच होती.

नाताळ झाल्यावर दोघी परत कुडाळला. सत्यवानने मशीन चालू करून बघितलं. "चलता मगे! बिघडला काय? बिलार काय लिवलला वाचलास? विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मग त्याने दुसरं शस्त्र काढलं. "आणि बॉक्स खंय?"

आल्बिना थोडी वरमली. त्या खोक्याचा तिने नाताळचा गोठा केला होता. त्यात गवत पसरून बाळ येशू निजला होता, आणि तीन राजांचा सण होईपर्यंत गोठा मोडत नाहीत. "बॉक्सात देव निजलो आसा," ती म्हणाली. "सण झालो की हाडून दितंय."

सत्यवान हसला आणि काचेच्या केबिनमध्ये जाऊन आपल्या नोकराशी काहीतरी बोलला. काचेपलीकडे आवाज जात नाही एवढंच बिचाऱ्याच्या डोक्यात होतं. आल्बिनाने बाहेरून शब्द न् शब्द वाचला. 'बहिरी म्हातारी. दोन फेरे मारतली आणि कंटाळतली.'

बहिरी ती होतीच, म्हातारीही होत होती, त्याचं तिला काही नव्हतं. कंटाळण्याचं मात्र तिला फार झोंबलं. एकेका झग्याची लेस तीन-तीनदा उसवून शिवणारी बाई ती. तिला कंटाळा!

मालवणात गुरुदास मास्तर होते, ग्राहकांच्या संघटनेचं काम बघणारे. त्यांनी तिला समोर बसवून नीट ओठ हलवत समजावलं. बिलावर काहीही छापलं म्हणून तो कायदा होत नाही. आपली गरज दुकानदाराला सांगितली, त्याने भरवसा दिला आणि वस्तू तशी निघाली नाही, तर दाद मागता येते. आधी लेखी नोटीस द्यायची. मग ओरोसला जिल्हा ग्राहक मंचात अर्ज करायचा. वकीलच हवा असंही नाही. "फक्त एक आहे," मास्तर म्हणाले, "गरज सांगितली होती हे दाखवावं लागेल."

नोटिशीला उत्तर आलं नाही. आल्बिनाने अर्ज केला. सणानंतर खोकंही दुकानात नेऊन दिलं, दोन-चार गवताच्या काड्यांसकट. कुडाळ झालं, ओरोस झालं, तारखा पडत राहिल्या. तिकडे मर्लिनचं पोट वाढत होतं आणि फोनवर ती पुन्हा हवापाण्यावर आली होती. एकदा काशीबाईच सांगताना अडखळली. "आवाज बरो नाय गो तिचो. इचारलंय, तर काय नाय म्हणता." 'काय नाय' म्हणणाऱ्या लेकीचं तोंड आल्बिनाला बघायला हवं होतं.

सुनावणीला सत्यवानचा वकील मंचाकडे तोंड करून बोलायला लागला. आल्बिना उभी राहिली. "साहेब, यांना माझ्याकडे वळून बोलायला सांगा. तक्रार माझी आहे." अध्यक्षांनी सांगितलं, वकील वळले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मशीन चालू आहे. बाई छान बोलतात, त्यांना ऐकू येत नाही हे माझ्या अशिलाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कसली गरज सांगितली नाही, कसला भरवसा दिला नाही. साक्षीदार काय, तर शेजारीण.

आल्बिना म्हणाली, "मी सत्यवानांना एकच विचारते." ती वळली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मेल्या, मशीन घेतलंय त्या दिवशी तू माका काय सांगलंस?"

सत्यवानने काय करावं? सवयीने तो तिच्यासमोर वळला, तोंडावरचा हात काढला आणि ओठ हलवले. खोलीत कोणाला काही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोला," अध्यक्ष म्हणाले.

सत्यवानचे ओठ तसेच थांबले, अगदी त्याच्या मशीनवर थांबायचे तसे. आल्बिनाने वाचून दाखवलं. "म्हणतात, काकी, चेहरो आरशातल्यासारखो दिसतलो."

"यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?" अध्यक्षांनी विचारलं. "मग असं बोलायला कोणी शिकवलं?" वकिलांनी कागद चाळायला घेतले. सत्यवान अगदीच निर्ढावलेला नव्हता. तिच्या तोंडावर त्याला खोटं बोलता येईना. मशीन परत घेतो, तिला हवं तसं देतो आणि घरी येऊन लावूनही देतो, असं त्याने तिथेच कबूल केलं. मंचाने तसं लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात सत्यवान नवं मशीन घेऊन वाडीवर आला. वायर जोडली, कुवेत लागलं, मर्लिन दिसली. ओठ हलत होते, झरझर, कुठे अडकत नव्हते. सत्यवान मात्र घामाघूम. तो बटणं दाबत सुटला. "काकी, आवाज येणा नाय! कायच आयकाक येणा नाय!" हेही परत येतं की काय या धास्तीने तो मशीनच्या मागे डोकं घालणार, एवढ्यात आल्बिनाने त्याचा हात बाजूला केला.

"गप रे. चेडू बोलता माजा."

मर्लिन वाडीचीच पोर. आईशी बोलताना तिने कधी आवाज वापरलाच नव्हता. काशीबाईच्या हे आधी लक्षात आलं. पडद्याकडे न बघता तिने सत्यवानला दंडाला धरून उठवलं आणि चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिने एक बातमी ऐकायची सोडली.

'माय,' मर्लिनचे ओठ म्हणत होते, 'माका भय वाटता गो.'

आल्बिनाने दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि आपलं तोंड लेकीला नीट दिसेल असं धरलं.

'तुज्या येळाक माका पण वाटलेला,' ती आवाज न काढता म्हणाली. 'सांग. सगळा सांग.'