तपकिरी डोक्याचा कुरव

माझ्या धाकट्या जावेनं काढलेलं चित्र सासऱ्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, बरोबर मध्यभागी टांगलेलं आहे. हिवाळ्यातली ऐरोलीची खाडी, ओहोटीचा चिखल आणि त्यात उभे असलेले अकरा कुरव, म्हणजे थंडीत उत्तरेकडून येणारे ते पांढरे पाणपक्षी. चित्र चांगलं आहे. हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय.

पक्षी हा प्रांत माझा होता. लग्न होऊन मुलुंडच्या त्या घरात आले, तेव्हा रविवारी पहाटे सासऱ्यांबरोबर खाडीवर जायला कुणी तयार नसायचं. मी जायची. दुर्बीण कशी धरायची इथपासून त्यांनी मला शिकवलं. मी वहीत पक्षी काढायची आणि ते चष्मा कपाळावर चढवून चुका दाखवायचे. जाऊ नंतर आली. तिला तर कावळा आणि कोकीळ यांतला फरकही कळत नव्हता.

पुढे आम्ही पश्चिमेला फ्लॅट घेतला, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमचे रविवार थांबले. नेमका त्यानंतर हिनं ब्रश हातात धरला.

गेल्या संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू होतं. येणारी प्रत्येक बाई, वाण राहिलं बाजूला, आधी चित्रासमोर उभी. "अगदी फोटो काढल्यासारखं गं!" मी तिळगूळ वाटत होते, पण गोड काही बोलवत नव्हतं. तेवढ्यात मला ते दिसलं. दहा कुरवांची डोकी पांढरी, अकराव्याचं तपकिरी. थंडीत त्यांची डोकी पांढरीच असतात. तपकिरी रंग उन्हाळ्यात चढतो आणि तेव्हा ते इथे नसतातच. पुस्तकातून उतरवलंय बाईनं! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सगळ्या बायकांदेखत मी म्हणाले, "चित्र झकास आहे गं, पण या एकानं वाट लावली ना. थंडीत असलं डोकं इथे दिसत नाही. पुस्तकात बघून काढलंस?"

तिचा चेहरा पडला. "वहिनी, अहो..." म्हणून तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"पुस्तकातला नाही तो," सासरे म्हणाले. "फेब्रुवारी सरता सरता एखाद्याला लवकर रंग चढतो. मीच दाखवला तिला. तुलाही दाखवला होता की एकदा, विसरलीस?"

"पण बाबा, तुम्ही खाडीवर कधी गेलात?"

"थंडीत दर रविवारी जातो. ही रिक्षा करून नेते. बसायला घडीचं स्टूल घेते बरोबर."

घडीचं स्टूल. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. ऑपरेशननंतर मी त्यांना "आता गुडघे सांभाळा, बाबा" म्हणाले होते आणि रविवारी उशिरापर्यंत झोपायला मिळेल म्हणून मनातून खूश झाले होते.